बियाण्याचा सातबारा

मृग नक्षत्र तोंडावर आले की जालन्याच्या बाजारात बियाण्याच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. भोकरदन, अंबड, मंठा, परतूर या भागांतून आलेला शेतकरी पिशवी हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो. तिच्यावर वाणाचे नाव असते, लॉट क्रमांक असतो, उगवणशक्तीचा टक्का असतो, मुदतीची तारीख असते. एवढे सारे वाचूनही आतले दाणे त्याच वाणाचे आहेत किंवा कसे, हे त्याला सांगता येत नाही. दुकानदारालाही येत नाही. कपाशी असेल तर बोंडे लागल्यावर, आणि मोसंबीचे कलम असेल तर चार-पाच वर्षांनी झाड फळावर आल्यावर खरेखोटे कळते. तेव्हा हंगाम गेलेला असतो. कर्ज मात्र राहिलेले असते. जमिनीला सातबारा आहे, घराला नमुना आठ आहे. बियाण्याची वंशावळ मात्र बव्हंशी विश्वासावर चालते. आणि जो शेतकरी आपल्याच वावरात वर्षानुवर्षे निवड करीत एखादा नवा वाण घडवितो, त्याच्यापाशी तर विश्वासाखेरीज दुसरा कागदच नसतो.

या दुखण्यावर अलीकडे एक नवा उपाय सांगितला जातो. ‘ब्लॉकचेन’ हे त्याचे नाव. वनस्पतींच्या वाणांवरील बौद्धिक संपदेचे रक्षण या तंत्राने करता येईल, असा दावा आहे. बियाण्यांच्या उद्योगासाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात तरी या दाव्याचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा. त्यासाठी प्रथम या कल्पनेचा उगम पाहिला पाहिजे. कारण औषधाची योग्यता ठरवायची तर ते मूळ कोणत्या रोगावर काढले होते, हे माहीत असावे लागते.

हा उगम मोठा चमत्कारिक आहे. वाणांच्या रक्षणासाठी अशी साखळी वापरण्याची हौस मोठ्या प्रमाणावर दिसली ती गहू, भात किंवा कपाशी पिकविणाऱ्यांत नव्हे, तर अमेरिकेतील गांजाच्या पैदासकारांत! आपल्याकडे गांजाचे नाव काढताच भुवया उंचावतात, आणि ते स्वाभाविकही आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने या झाडाच्या फुलोऱ्याच्या शेंड्यांना गांजा ठरविले आणि परवान्यावाचून त्याची लागवड हा गुन्हा केला. त्याच कायद्याने धागा व बी यांसाठी सरकारने लागवडीस परवानगी देण्याची वाटही मोकळी ठेवली आहे, आणि उत्तराखंडाने २०१८ पासून तिचा उपयोग केला आहे. परंतु मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ओळखीची आहे ती अंबाडी. तिची पाने गांजाच्या पानांसारखी दिसतात म्हणून वनस्पतिशास्त्राने तिच्या लॅटिन नावातच ‘कॅनाबिनस’ हे विशेषण जोडून दिले आहे. तेव्हा जालन्यात कोणी गांजा लावावा, असे प्रस्तुत लेखकास सुचवावयाचे नाही. त्या पैदासकारांवर कोणता प्रसंग आला आणि त्यांनी काय केले, एवढेच पाहावयाचे आहे.

बंद दारापुढचा उपाय

कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये प्रौढांना गांजाचे सेवन कायदेशीर केले. पुढे इतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. संघराज्याच्या कायद्याने मात्र हे झाड निषिद्धच राहिले. त्यामुळे विचित्र परिस्थिती उत्पन्न झाली. एखाद्याने वीस वर्षे खपून नवा वाण तयार केला, तर तो विकण्यास राज्याची परवानगी होती. पण त्या मालाच्या नावाला संघराज्याचे व्यापारचिन्ह मिळत नव्हते, आणि वाणसंरक्षणाच्या कार्यालयाचे दार बंद होते. ते दार २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने किलकिले झाले. तेही ज्यात मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यापेक्षा अधिक नाही अशा औद्योगिक भांगेपुरतेच. पेटंटाचा मार्ग खुला होता, परंतु तो खर्चिक. त्यातून २०१५ मध्ये या झाडाच्या विस्तृत गटाला लागू पडेल असे एक पेटंट दिले गेले, तेव्हा लहान पैदासकारांच्या पोटात गोळा आला. आपण वर्षानुवर्षे लावत असलेले झाड उद्या दुसऱ्याच्या मालकीचे ठरले तर?

या भीतीतून उपाय निघाला. अमुक दिवशी अमुक गुणांचा वाण आमच्यापाशी होता, एवढे जरी सिद्ध करता आले, तरी ‘हे मी नवे शोधले’ असे म्हणणाऱ्याचा दावा लंगडा पडतो. म्हणून वाणाची जनुकीय तपासणी करावयाची आणि तिच्या अहवालाचा ठसा कोणासही बदलता येणार नाही अशा सार्वजनिक नोंदवहीत उमटवून ठेवावयाचा. मॅसॅच्युसेट्समधील मेडिसिनल जीनॉमिक्स या कंपनीने अशी सोयही करून दिली. सरकारी दफ्तर ज्यांची नोंद घेत नव्हते, त्यांनी स्वतःचे दफ्तर उभे केले. या साऱ्या प्रकरणातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ती हीच.

साखळीची नोंदवही

हे दफ्तर चालते कसे? तलाठ्याच्या वहीची कल्पना करा. प्रत्येक पानावरच्या सर्व मजकुरावरून ठराविक गणिती रीतीने एक खूण काढली जाते. प्रचलित रीतीत ती चौसष्ट अक्षर-अंकांची असते. पानावरचा एक काना जरी बदलला तरी ती खूण पूर्णपणे बदलते. ही खूण पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहायची, आणि मग त्या पानाची खूण काढायची. अशा रीतीने प्रत्येक पान मागच्या पानाला बांधले जाते. कोणी दहा पानांमागची नोंद खोडून नवी लिहिली, तर तेथून पुढच्या साऱ्या खुणा चुकतात. आणि या वहीच्या प्रती एकाच चावडीत न ठेवता शेकडो ठिकाणी ठेवलेल्या असतात, म्हणून एका ठिकाणी केलेली लबाडी दुसऱ्या ठिकाणी उघडी पडते. ब्लॉकचेन म्हणजे तत्त्वतः एवढेच.

ही कल्पना आभासी नाण्यांच्या आधीची आहे. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये संगणकीय दस्तऐवजावर तारखेची न पुसणारी मोहोर कशी उमटवावी याची रीत मांडली. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने आपल्या नोंदींची एकत्रित खूण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्यास छापण्यास प्रारंभ केला. लाखो अंक घरोघरी गेल्यावर त्यातली एक ओळ मागाहून कोण बदलणार? २००८ मध्ये ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधाने हीच साखळी चलनासाठी योजली, आणि मग तिचा गाजावाजा झाला. तात्पर्य, या तंत्राचा आत्मा नाण्यात नाही. तो तारखेत आहे.

जालन्याचा अनुभव

आता आपल्या घराकडे वळू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला; परंतु त्याच्या बियाण्याचा इतिहास त्याहून जुना आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचे बियाणे तयार करून या कामास आरंभ केला आणि १९६४ मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली. १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या मागून बियाण्याचे इतरही उद्योग येथे उभे राहिले, आणि जालन्याच्या व शेजारच्या देऊळगाव राजा भागातील गावांत बीजोत्पादन हा शेतीचाच एक प्रकार झाला. दुपारनंतर कपाशीच्या कळीतील पुंकेसर हाताने काढावयाचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलातील पराग त्या फुलावर लावावयाचा, हे नाजूक काम येथील हजारो स्त्रियांच्या बोटांना अवगत झाले.

त्या काळी वाणांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. १९६६ चा बियाणे कायदा होता, पण तो गुणवत्तेचा; मालकीचा नव्हे. तरीही उद्योग वाढला, कारण संकरित बियाण्याला निसर्गानेच कुलूप घातलेले असते. संकरित पिकाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर गुण विखुरतात, म्हणून शेतकऱ्याला पुन्हा बाजारात यावे लागते. आणि मूळचे नर व मादी वाण कंपनीच्या ताब्यात सुरक्षित राहतात. ज्याच्यापाशी आईबाप, त्याचे अपत्य, असा हा साधा न्याय होता. सोयाबीन, हरभरा, गहू यांच्या सरळ वाणांना मात्र असे कुलूप नाही. एकदा बी शेतकऱ्याच्या हाती पडले की ते त्याच्या कणगीत आणि शेजाऱ्याच्या वावरात सहज पोहोचते.

जनुक बदललेली कपाशी आली तेव्हा हे जुने गणित मोडले. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली. तिच्यामागे महिको आणि मोन्सँटो यांची भागीदारी होती. परंतु परवानगी मिळण्यापूर्वीच, २००१ मध्ये, गुजरातेत विनापरवाना बीटी कपाशी शेतांत उभी असल्याचे उघडकीस आले होते. जनुक एकदा परागात उतरले की ते कुंपण ओळखत नाही आणि करारपत्र वाचत नाही! पुढे त्या जनुकाच्या पेटंटावरून हैदराबादच्या नुझिवीडू कंपनीशी वाद पेटला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंट रद्द ठरविले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूस सारून रीतसर पुराव्यानिशी सुनावणी व्हावी असा आदेश दिला. आणि २०२१ मध्ये उभय पक्षांनी तडजोड केली. म्हणजे कायद्याचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. तिकडे अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. या साऱ्या इतिहासात नोंदवही नव्हती म्हणून काही अडले, असे कोठे दिसत नाही. अडले ते हक्क कोणाचा आणि किती, या प्रश्नापाशी.

कायद्याने दिलेले दोन हक्क

या प्रश्नाचे उत्तर आपल्या संसदेने २००१ मध्ये दिले आहे, आणि ते अभिमान वाटावा असे आहे. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे वनस्पती, बियाणे व वाण यांचे पेटंट देता येत नाही. त्याऐवजी पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने पैदासकाराला त्याच्या वाणावर पिकांसाठी पंधरा आणि वृक्ष व वेलींसाठी अठरा वर्षांपर्यंत हक्क दिला. वाण इतरांहून वेगळा असावा, एकसारखा असावा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहावा, या त्रिविध कसोटीवर तो पारखला जातो. त्याच कायद्याने शेतकऱ्याचा हक्कही लिहून ठेवला. संरक्षित वाणाचेसुद्धा बी राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, वाटणे, बदलून घेणे आणि विकणे या गोष्टी तो पूर्वीप्रमाणे करू शकतो. केवळ त्या वाणाचे नाव छापलेल्या वेष्टनात घालून त्याला ते विकता येत नाही. शिवाय शेतकऱ्याने घडविलेला वाण त्याच्या नावे नोंदविता येतो, आणि त्यासाठी त्याला शुल्क पडत नाही.

हा समतोल किती नाजूक आहे, हे गुजरातेतील बटाट्याच्या खटल्याने दाखविले. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या संरक्षित बटाट्याची लागवड केल्याबद्दल काही शेतकऱ्यांवर कोटी-कोटी रुपयांच्या भरपाईचे दावे लावले. देशभर गदारोळ होताच मे महिन्यात ते मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. कारणांपैकी एक असे होते की, पहिल्या विक्रीची तारीख अर्जात बरोबर दिलेली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हा निर्णय फिरविला. निकालाचा कल कोणत्याही बाजूस असो. आपल्या विषयापुरता बोध निराळाच आहे. ती तारीख ब्लॉकचेनमध्ये नोंदविलेली असती, तर काय झाले असते? ती तितक्याच निष्ठेने, न पुसता येण्याजोगी, जशीच्या तशी जतन झाली असती!

साक्षीदार आणि न्यायाधीश

येथे या तंत्राची मर्यादा स्पष्ट होते. साखळी लिहिलेले बदलू देत नाही. लिहिलेले खरे आहे, अशी हमी ती देत नाही. महसूल खात्यात ज्यांनी आयुष्य घालविले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सातबारावर खाडाखोड करणारे थोडे असतात. पीकपाहणीच्या वेळी बांधावर न जाता घरी बसून पिकांची नावे लिहिली जाणे, हे खरे दुखणे असते. वहीचा कागद कितीही चिवट केला तरी त्यावर उपाय होत नाही.

आपल्याच राज्यातील एक उदाहरण पाहा. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे अशा साखळीशी जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. तेथे ते शोभते. कारण प्रमाणपत्र हा कागदच असतो, आणि कागद खोटा की खरा एवढेच पाहावयाचे असते. बियाणे हा कागद नव्हे. तो जीव आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेले बीडीएन-७११, बीएसएमआर-७३६, गोदावरी हे तुरीचे वाण मराठवाड्यात सुपरिचित आहेत. परंतु तुरीच्या फुलावर मधमाशी बसते, शेजारच्या वावरातला पराग आणते, आणि अंतर राखले नाही तर चार हंगामांत मूळ वाणात भेसळ होते. वहीतील वाण स्थिर राहतो. वावरातला बदलत जातो. आणि साखळीवरील पिशवीचा क्रमांक खरा असला, तरी आतला दाणा कोणी बदलला तर वहीला त्याची वार्ताही नसते.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा पूर आला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास स्वतःहून दखल घ्यावी लागली, हे वाचकांस स्मरत असेल. त्यानंतर बियाण्याचा माग ठेवण्याचे प्रयत्न वाढले आहेत. झारखंडाने २०२२ मध्ये बियाणेवाटपाची नोंद ब्लॉकचेनवर घेण्यास प्रारंभ केला. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ‘साथी’ नावाची संगणकीय व्यवस्था आणली, जिच्यात पिशवीवरील चौकोनी संकेतचिन्हावरून बियाण्याचा उगम शोधता यावा अशी योजना आहे. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचे यश संगणकाच्या जातीवर अवलंबून नाही. पायाभूत बियाण्याच्या प्लॉटवर निरीक्षक वेळेवर गेला काय, विलगीकरणाचे अंतर त्याने मोजले काय, नमुना खरोखरच प्रयोगशाळेत पोहोचला काय, या प्रश्नांवर ते अवलंबून आहे. तंत्र हा उत्तम साक्षीदार होऊ शकतो. त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसविणे ही चूक ठरेल, आणि तपासनिसाच्या जागी त्याची नेमणूक करणे ही फसवणूक.

दादाजींपाशी काय नव्हते?

मग हा साक्षीदार आपल्या काहीच उपयोगाचा नाही काय? आहे, परंतु ज्यांच्यासाठी त्याचा डांगोरा पिटला जातो, त्यांच्यापेक्षा निराळ्या माणसाच्या उपयोगाचा आहे. मोठ्या कंपनीपाशी वकील असतात, प्रयोगशाळा असतात, दिल्लीच्या प्राधिकरणाची वाट तिच्या पायाखालची असते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्यापाशी यातले काही नव्हते. १९८३ मध्ये धानाच्या शेतात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्यांनी ते दाणे जपले, दरवर्षी निवडून वाढविले आणि बारीक, चवदार तांदळाचा वाण सिद्ध केला. त्या वेळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले, आणि तो विदर्भाबाहेरही पसरला. १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे त्याचे बियाणे गेले, आणि १९९८ मध्ये शुद्धीकरणानंतर ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसृत झाला. मूळ निवडीचे श्रेय आपणास मिळाले नाही, ही दादाजींची तक्रार होती. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले तेव्हा त्यांच्या तांदळाने कित्येकांच्या कोठारांत भर घातली होती. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला प्रायः मानपत्रेच आली.

दादाजींपाशी दृष्टी होती, चिकाटी होती, वाणही होता. नव्हता तो तारखेचा आणि वर्णनाचा निर्विवाद पुरावा. अमुक हंगामात, अमुक गटात, अमुक उंचीचे, अमुक दाण्याचे धान मी निवडले, अशी साक्षांकित नोंद वर्षागणिक झाली असती, तर पुढचा वाद उभा राहण्यास जागाच उरली नसती. आज अशी नोंद करणे अवघड नाही. शेतकऱ्याने वहीत लिहावे, लोंबीचे छायाचित्र काढावे, गावातील दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि या साऱ्याची गणिती खूण साखळीत नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने संगणकीय दस्तऐवजासोबतच्या प्रमाणपत्रात अशी खूण नमूद करण्याची तरतूदच केली आहे. म्हणजे न्यायालयाच्या दारात ही गोष्ट आता अपरिचित राहिलेली नाही.

परंतु दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे की, खूण जाहीर व्हावी. वाणाची सारी कुंडली जाहीर होऊ नये. अमेरिकेतील फायलॉस बायोसायन्स या कंपनीस गांजाच्या लागवडदारांनी विश्वासाने आपले नमुने तपासण्यास पाठविले होते. २०१९ मध्ये त्या कंपनीने स्वतःच वाणांची पैदास करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा नमुने देणाऱ्यांत संतापाची लाट उसळली. आपण माहितीचा गैरवापर केलेला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. पण गेलेला विश्वास परत आला नाही. राखणदारालाच पिकाची हाव सुटेल, असा संशय आला की कुंपणाचा उपयोग संपतो. तेव्हा ही वही खासगी व्यापाऱ्याच्या घरी नको. ती सार्वजनिक संस्थेकडेच हवी.

दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे. या तंत्राचे काही पुरस्कर्ते आपोआप अमलात येणाऱ्या करारांची भाषा बोलतात. पिशवी विकली की स्वामित्वधन आपोआप वळते होईल, अट मोडली की खाते आपोआप अडविले जाईल, असे त्यांचे चित्र आहे. ज्या देशात बी राखणे हा गुन्हा मानला जात असेल तेथे ते चालेल. आपल्याकडे राखलेले बी हा शेतकऱ्याचा हक्क आहे; कंपनीने दिलेली ती सवलत नव्हे. अजाणता झालेल्या उल्लंघनाला आपला कायदा क्षमा करतो. यंत्राला क्षमा करता येत नाही, कारण अजाणतेपण म्हणजे काय हे त्याला कळत नाही. वहीचे रक्षण करता करता कायद्याचे कलमच पुसले जाणार असेल, तर ती वही न आलेली बरी.

तेव्हा करावे काय? अमेरिकेतील त्या पैदासकारांनी साखळीचा आश्रय घेतला, कारण त्यांच्यासाठी सरकारी दफ्तराचे दार बंद होते. आपल्याकडे दार उघडे आहे, शुल्कही नाही. परंतु मंठ्याच्या शेतकऱ्याला ते दिल्लीत असल्यामुळे दिसत नाही. अंतर आहे ते वावरापासून दफ्तरापर्यंतचे. ते भरून काढण्याचे सामर्थ्य जालना जिल्ह्यात आहे. बदनापूरला संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, गावोगावी शाळा आहेत. शेतकऱ्याच्या तोंडून ऐकून वाणाचे वर्णन लिहावयास शिक्षक पुरेसा आहे; नमुन्यावर क्रमांक घालून तो बंद करण्यास ग्रामपंचायतीचा कारकून पुरेसा आहे; खूण कशी काढावी हे महाविद्यालयातील कोणताही होतकरू विद्यार्थी एका दुपारी शिकू शकेल. मग वाण पात्र ठरला तर त्याचा अर्ज प्राधिकरणाकडे पाठविण्याचे काम तज्ज्ञांनी करावे.

आणि यासाठी आभासी नाण्यांच्या महागड्या साखळीचीच आवश्यकता आहे, असेही नाही. जिल्ह्यातील त्या आठवड्याच्या साऱ्या नोंदींची मिळून एकच खूण काढावी, आणि एखाद्या दैनिकाने बाजारभावाच्या रकान्याखाली ती एका ओळीत छापावी. वाचनालयांच्या फायलींत ती ओळ राहील, आणि पंचवीस वर्षांनी कोणी ‘हा वाण प्रथम माझा’ असे म्हणू लागला, तर जुना अंक काढून त्याच्यापुढे ठेवता येईल. पेरणीच्या आधी दाणे पारखून घेण्याची आपली जुनी चाल आहे. त्याच पारखीने निवडलेल्या वाणाची नोंद ज्या दिवशी अंबड-घनसावंगीच्या एखाद्या गावातून पहिल्यांदा होईल, त्या दिवशी बियाण्याच्या सातबाऱ्यावर कर्त्या शेतकऱ्याचे नाव प्रथमच लागेल.